शेजारच्या सीटवरचा ब्रेक

३ मार्च, रविवार

धाकट्या,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट तसंच केराच्या टोपलीत गेलं नाही, म्हणजे निम्मं काम झालं. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस. उचललास तरी मी तिसऱ्या वाक्याला तापतो, हे तुलाही ठाऊक आहे. कागदावर निदान माझा आवाज चढत नाही. वर आशीर्वाद लिहिणार होतो, पण ते तू परत पाठवशील अशी भीती वाटली.

मी बरा आहे. बरगड्यांना मुका मार लागलाय. हसलं की दुखतं, पण सध्या हसण्यासारखं काही घडत नाही, तेव्हा अडचण नाही.

झालं असं. गेल्या सोमवारी सकाळी साडेनऊला पोस्टाजवळच्या चौकात आपल्या पांढऱ्या गाडीला अपघात झाला. चालवत होत्या एक शिकाऊ बाई. इस्पितळात नर्स आहेत, मी त्यांना सिस्टरच म्हणतो. वय चव्वेचाळीस, सतरावा धडा. मी नेहमीसारखा शेजारच्या सीटवर. चौकात समोरची वाहनं छेदून वळायचं होतं. सिग्नल हिरवा, समोरून पावाची व्हॅन येत होती, पण चांगली लांब होती. सिस्टर निघाल्या आणि बरोब्बर मधोमध जाऊन गाडी उभी राहिली. व्हॅन माझ्या दारात घुसली. व्हॅनवाल्याचा पाय मांडीत मोडलाय. सिस्टरना खरचटलंसुद्धा नाही.

आता विमा कंपनीने एक तपासनीस धाडलाय. कमरेला कायम मोजायचा टेप लटकवलेला असतो, म्हणून मी त्याला टेपवाला म्हणतो, अर्थात तोंडावर नाही. चूक कोणाची हे तो ठरवणार आणि महिनाअखेरीला अहवाल देणार. गाडी मधोमध थांबली ही चूक, इथपर्यंत कोणाचाच वाद नाही. ती थांबवली कोणी, एवढंच घोडं अडलंय. सिस्टरनी थांबवली असेल तर त्यांचं शिकाऊ लायसन्स दोन वर्षं बंद. मी थांबवली असेल तर माझा शिकवण्याचा परवाना जातो. पण मी थांबवलेली नाही, तेव्हा तो प्रश्नच येत नाही.

आता कामाचं. माझ्या बाजूचं ब्रेकचं पेडल तू बसवलंस, जाण्याआधी महिनाभर. टेपवाला विचारतो, व्हॅन तुमच्या दारावर येत होती तेव्हा तुम्ही तुमचा ब्रेक का दाबला नाही? बावीस वर्षांचा शिक्षक नुसता बघत बसला? मी सांगितलं, दाबायला गेलो, पण पेडल रिकामं गेलं, जोडणी सैल होती, आणि तोवर सिस्टरचा ब्रेक बसलाही होता. आता तो सगळा भाग चेपून गोळा झालाय, त्यामुळे उघडून बघायची सोय नाही. उरला बसवणाऱ्याचा शब्द.

तू फक्त चार ओळी लिही. की अशी जोडणी वापरून वापरून सैल होते, आणि तू मला तसं बजावलं होतंस. तुझ्यावर काहीच येत नाही. दोन वर्षांत कुठलीही वस्तू सैल पडते, त्यात बसवणाऱ्याचा काय दोष?

तुझी वहिनी विचारते, तिकडे जेवणाचं काय करतोस. या पत्रात काय लिहिलंय ते तिला माहीत नाही. उत्तरात तिच्यासाठी वेगळा कागद घाल.

दादा


९ मार्च, शनिवार

धाकट्या,

तुला पाकिटं मिळत नाहीत का तिकडे? उघड्या पोस्टकार्डावर, एवढ्या मोठ्या अक्षरात, एकच ओळ: "दादा, तुझा पाय कुठे होता?"

कार्ड आलं तेव्हा मी गाडी धूत होतो. तुझ्या वहिनीने वाचलं. माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवून दिलं. मी वाचलं, खिशात घातलं. दुपारी जेवताना आमटी वाढता वाढता म्हणाली, "मग कुठे होता?"

पाय जिथे असायला हवा तिथेच होता. पेडलच्या वर, चार बोटं अंतरावर. बावीस वर्षं तिथेच असतो. तू गाड्यांच्या खाली झोपून आयुष्य काढलंस, शेजारच्या सीटवर बसणं काय असतं ते तुला काय कळणार? समोरच्या माणसाचा हात कधी चुकेल याचा नेम नसतो. स्टिअरिंग त्याच्याकडे, गिअर त्याच्याकडे, आणि आपल्याकडे फक्त तो एक ब्रेक. तो असून नसल्यासारखा ठेवायचा, ही त्यातली कला. शिक्षकाने ब्रेक मारला की विद्यार्थी तो धडा विसरतो, हे मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगत आलोय. आणि तू मलाच विचारतोस!

टेपवाला काल परत आला. मला चौकात घेऊन गेला. भर रहदारीत दोन हवालदार उभे करून रस्त्यावरचे काळे डाग मोजले. उकिडवा बसला, डागावरून बोट फिरवलं, पँटला पुसलं. म्हणाला, "नवशिक्याचा ब्रेक दोनदा बसतो साहेब. आधी भीतीने थोडा, मग जीव खाऊन. हा एकाच दमात बसलाय."

मी म्हटलं, "सिस्टर हुशार आहेत. सतरा धडे झालेत त्यांचे."

"बरोबर," तो म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं. हा माणूस कशालाच चूक म्हणत नाही. प्रत्येक गोष्टीला "बरोबर" म्हणतो आणि लिहून घेतो. मग विचारलं, "पेडल बसवणाऱ्याचा पत्ता?" मी म्हणालो, माझा भाऊ आहे, पण आमचं जाणंयेणं नाही, पत्ता माहीत नाही. त्याने तेही लिहून घेतलं. आणि मी घरी येऊन तुझ्याच पत्त्यावर हे लिहितोय.

धडे थांबवलेले नाहीत. निळी गाडी वापरतो. पण आता पाय पेडलवर ठेवायची छाती होत नाही, सीटखाली मुडपून बसतो. काल एक निवृत्त गृहस्थ शिकायला होते, ते थेट भाजीच्या हातगाडीवर चालले होते. मी नुसता "ब्रेक! ब्रेक! ब्रेक!" असा ओरडत बसलो, पाय उचलून. शेवटी भाजीवालीनेच हातगाडी ढकलून बाजूला घेतली. तिने मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

चार ओळी, धाकट्या. एवढंच मागतोय.

दादा


१४ मार्च, गुरुवार

धाकट्या,

तुझं काही आलं नाही. ठीक आहे. आज मी मागायला लिहीत नाही. कोणाला तरी सांगावं असं झालंय आणि तुझ्या वहिनीला सांगता येत नाही.

सिस्टर आल्या होत्या. ऑफिसात मी एकटाच होतो, भिंतीवरच्या चिन्हांच्या तक्त्यावरची धूळ पुसत होतो. मला वाटलं, भांडायला आल्या. त्या आल्या, बॅग टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "सर, शर्ट वर करा. श्वास घ्या. इथे दुखतं? आणि इथे?" डॉक्टरने जेवढा वेळ दिला नव्हता तेवढा वेळ माझ्या बरगड्या तपासल्या. मग खुर्चीत बसल्या आणि माझी माफी मागितली.

त्या बोलत राहिल्या. व्हॅनवाला त्यांच्याच इस्पितळात आहे, हाडांच्या वॉर्डात. त्यांनी आपली ड्यूटी मागून त्या वॉर्डात घेतली. रोज त्याचं अंग पुसतात, कूस बदलतात. मी विचारलं, "त्याला माहीत आहे का, तुम्ही कोण ते?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं ना. म्हटलं, तुमच्यासमोर गाडी थांबवली ती मीच. तो म्हणाला, बरं झालं भेटलात, आता जरा उशी वर करा. माणूस चांगला आहे हो. म्हणून जास्त त्रास होतो."

पहिल्याच दिवशी! आणि मी अडीच आठवड्यांत एका माणसाला सांगितलेलं नाही.

त्यांना गाडी कशाला शिकायची होती, हे मी तुला लिहिलंच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन औषधपाणी करणारी नर्स, अशी जागा इस्पितळात निघाली होती. त्यांना ती अकरा वर्षांपासून हवी होती. अट एकच, स्वतः गाडी चालवता आली पाहिजे. त्या म्हणायच्या, "वॉर्डात माणूस खाट क्रमांक असतो सर. घरी तो कोणाचा तरी बाप असतो." धड्याला येताना हातात गाठी पडलेला रुमाल असायचा, घाम पुसायला. पण एकही धडा चुकवला नाही.

अर्ज त्यांनी परत घेतलाय. मेट्रनला सांगितलं, माझा पाय माझ्या ताब्यात नाही. आणि मला म्हणाल्या, "परवा एका आजोबांना इंजेक्शन देताना सुई टेकवली आणि हात थांबला. वीस वर्षांत कधी थांबला नव्हता. वाटलं, ऐन वेळी हा हातही काही भलतंच करेल."

मी विचारलं, "तुम्हाला ब्रेक मारल्याचं आठवतं?"

"मारल्याचं नाही आठवत. व्हॅन दिसली एवढं आठवतं. मग खाली बघितलं तर माझा पाय ब्रेकवर होता. गाडीत दुसरं कोण होतं मारायला?"

आणि मी काय म्हणालो, माहीत आहे? मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

होतं असं! त्या उठल्या, बॅग घेतली, दारातून परत वळून म्हणाल्या, "खोकला आला तर बरगडीवर उशी धरा." आणि गेल्या.

पाय कदाचित लागला असेल, धाकट्या. नाही म्हणत नाही मी. लागला असेल.

दादा


१७ मार्च, रविवार

लागला असेल नाही. मी दाबला. पूर्ण, तळापर्यंत.

मागचं पत्र टाकल्यापासून अन्न गोड लागत नाही, तेव्हा आता नीट सांगून टाकतो. सिस्टरचा अंदाज बरोबर होता. व्हॅन लांब होती. त्यांनी योग्य वेळी क्लच सोडला, योग्य वेग घेतला, इतकं स्वच्छ वळण त्यांनी त्याआधी कधी घेतलं नव्हतं. मी मनात म्हटलंही, शिकली बाई. आणि मग मी मान वळवली. माझ्या खिडकीतून व्हॅन दिसली. समोरून जी लांब वाटत होती ती खिडकीतून अंगावर आल्यासारखी दिसली आणि माझी पाचावर धारण बसली. डोक्याने काही ठरवायच्या आत पाय खाली गेला होता.

सिस्टरना वाचवायला नव्हे. व्हॅन माझ्या बाजूने येत होती. मी माझ्यासाठी ब्रेक मारला, आणि मारून माझंच दार तिच्यापुढे नेऊन धरलं. अक्कल बघ.

मग त्यांचाही पाय ब्रेककडे गेला असणार, घाबरून. माझं पेडल दाबलं की त्यांचं आपोआप खाली जातं, हे तूच जोडलेलं. त्यांचा पाय पोचला तेव्हा पेडल खालीच असणार. गाडी थांबलेली, पाय ब्रेकवर. त्यांना काय वाटणार? आणि मला हे सगळं तिथेच, काचा पडत होत्या तेव्हाच कळलं होतं. हवालदाराने पहिलं वाक्य विचारलं, "कोणी थांबवली?" सिस्टर म्हणाल्या, "मी." मी गप्प बसलो. तिथून सगळं सुरू झालं. खोटं मी बोललोच नाही सुरुवातीला, नुसतं त्यांचं खरं मानून घेतलं. जोडणी सैल होती हे मात्र माझ्या पदरचं. जोडणी तुझ्या हाताची होती, अपघाताच्या दिवशीही दगडासारखी पक्की होती, आणि मी तिच्यावर खापर फोडायला निघालो होतो. म्हणजे तुझ्यावर.

दुसऱ्यांदा.

हेही आजच लिहितो, पुन्हा धीर होणार नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्या गॅरेजच्या उतारावर डॉक्टरांची नवी गाडी उभी होती. चाकामागचा लाकडी ठोकळा मी काढला होता. मला झाडू मारायचा होता, ठोकळा आड येत होता. परत लावायचा विसरलो. गाडी घरंगळत फाटकावर गेली आणि डॉक्टर तिथेच उभे होते, बाबाही होते, आणि मी म्हणालो, "धाकट्याने ठोकळा लावला नाही वाटतं." वाटतं! बाबा तुला चारचौघांत जे बोलले ते मी ऐकत उभा होतो. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मग हत्यारं पुसून पेटीत भरलीस आणि घर सोडलंस. तुला ठाऊक होतं, आणि तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. बाबा गेले तेसुद्धा तुझा हात ढिला आहे असं समजूनच गेले. ते आता मला दुरुस्त करता येत नाही, धाकट्या. मी फार वाईट वागलो तुझ्याशी.

तुझ्या वहिनीला सकाळी सांगितलं. मला वाटलं, रडेल. ती तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली. म्हणाली, "पोस्टकार्ड आलं त्याच दिवशी समजले होते मी. झोपेतसुद्धा ब्रेक मारता तुम्ही. माझी पोटरी साक्षीला आहे." मग ताट बाजूला सारलं. "मला कळलं हे सोडा. त्या बाईला कधी सांगताय?"

ते चार ओळींचं पत्र लिहू नकोस. उद्या जातो.

दादा


२२ मार्च, शुक्रवार

धाकट्या,

गेलो. दोघांकडेही गेलो. कोणी विश्वास ठेवायला तयार नाही!

आधी टेपवाल्याकडे. त्याचं ऑफिस एका जिन्याखाली आहे, मान वाकवूनच आत जावं लागतं. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. ब्रेक मी मारला, आधी सांगितलं ते खोटं होतं. तो पहिल्यांदाच "बरोबर" म्हणाला नाही. वही उलटत मागच्या पानावर गेला.

"आधी म्हणालात पाय लावला नाही. मग म्हणालात लावला पण पेडल सैल होतं. आता म्हणताय पेडल पक्कं होतं आणि दाबलं. साहेब, यातलं कोणतं घेऊ मी?"

"शेवटचं घ्या."

"शेवटचंच का? उद्या चौथं आलं तर?" मग जरा मवाळ होऊन म्हणाला, "त्या बाईंसाठी करताय ना? चांगल्या आहेत त्या, मलाही कळतं. पण माझ्याकडे त्यांचा स्वतःचा जबाब आहे, मी थांबवली म्हणून. पाय ब्रेकवर होता म्हणून. तो पुसायला मला नुसतं तुमचं मन पुरत नाही."

तिथून इस्पितळात. सिस्टर कपडे धुवायला देण्याच्या खोलीत चादरी मोजत होत्या. तिथेच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता पटलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात. पण माझ्यासाठी खोटं बोलू नका. मला ते ओझं होईल."

"सिस्टर, खरं सांगतोय."

"मी पाय बघितलाय सर. माझ्या डोळ्यांनी." आणि वर चादरींच्या ढिगामागून मला समजावलं, की माझं घर त्या परवान्यावर चालतं, दोन वर्षांनी त्या पुन्हा शिकतील, त्यांचं काही अडत नाही. बोलताना तीच चादर पुन्हा पुन्हा मोजत होत्या. इस्पितळातून बाहेर पडलो तर फाटकाजवळच्या दुकानदाराने हाक मारून चहा दिला. सिस्टरनी वॉर्डात सगळ्यांना सांगितलंय म्हणे, सर किती चांगले आहेत ते. मी चांगला म्हणून गाजतोय, धाकट्या! तो चहा तसाच ठेवून निघालो.

आजवर खोटं बोललो ते सगळ्यांनी एका फटक्यात मान्य केलं. आता खरं सांगतोय तर दारोदार फिरावं लागतंय. अहवाल पुढच्या शनिवारी जातो. तो गेला की त्यांच्या नावावर ठप्पा बसला. लायसन्सचं सोड, दोन वर्षं जातील. पण त्या बाईचा स्वतःवरचा विश्वास उडालाय, तो कोणत्या ऑफिसातून परत आणायचा?

म्हणून शेवटचं मागतो. खोटं नाही मागत. टेपवाल्याला तू लिही, जोडणी कशी होती ते. घट्ट होती की सैल, माझं पेडल दाबल्यावर त्यांच्या पेडलचं काय होतं, एवढंच. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. मला वेगळं काही लिहायची गरज नाही. माझ्यावर रागावलेला आहेस तसाच राहा, पण हे कर.

दादा


३० मार्च, शनिवार

धाकट्या,

तुझं पत्र टेपवाल्याला बुधवारी मिळालं. त्याने मला बोलावून वाचून दाखवलं. अर्धं पान, आणि खाली जोडणीची आकृती, मापांसकट. "मी केलेली जोडणी सैल होत नाही," हे वाक्य त्याने दोनदा वाचलं. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी शोधलं, खोटं कशाला बोलू.

आकृतीवर बोट ठेवून टेपवाला म्हणाला, "असं असेल तर करून बघता येईल. निळ्या गाडीला हीच जोडणी आहे ना?" आहे. तीही तुझीच.

काल सकाळी चाचणीच्या मैदानात गेलो. टेपवाला मागच्या सीटवर, गुडघ्यावर वही. सिस्टर यायलाच तयार नव्हत्या. त्याने तपासाचा भाग आहे असं सांगून आणलं. ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या तेव्हा किल्ली तीनदा चुकली. मी शेजारी. एक शब्द बोललो नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

गाडी निघाली. वीसेक पावलं गेली असेल, मी न सांगता ब्रेक मारला. गचका बसला, इंजिन बंद. सिस्टरनी खाली बघितलं. त्यांचा पाय ब्रेकवर होता.

"बघा," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "परत मीच."

"पुन्हा," टेपवाला म्हणाला.

पुन्हा निघालो. पुन्हा मी मारला. या वेळी त्यांनी नीट खाली बघितलं. पाय ब्रेकवरून उचलला, परत टेकवला. मग सावकाश म्हणाल्या, "पाय टाकला तेव्हा पेडल तिथे नव्हतं. आधीच खाली होतं." आणि थोड्या वेळाने, "त्या दिवशीही नव्हतं. मला वाटलं, मी घाबरून इतकं जोरात दाबलं."

तिसऱ्या वेळी त्यांनी कोणाला विचारलं नाही. स्वतःच गाडी सुरू केली, वेग घेतला, आणि दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले, मांडी घालावी तसे. खाली नजर लावून बसल्या. मी ब्रेक मारला. कोणाचाही पाय नसलेलं ते पेडल त्यांच्या डोळ्यांसमोर खाली गेलं आणि गाडी उभी राहिली.

टेपवाल्याच्या पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल त्यांना. तसलं काही नव्हतं. "महिनाभर मी त्या माणसाचं अंग पुसतेय," त्या म्हणाल्या. "रोज माफी मागतेय. तुमच्या वाटची." आवाज अजिबात चढला नव्हता, आणि म्हणूनच मला खाली बघवेना की वर बघवेना. "मी तुमच्या बरगड्या दाबून बघितल्या, सर. तेव्हा सांगायचं होतं."

मी म्हटलं, "हो."

"गाडी मी शिकेन. तुमच्याकडे नाही."

मी त्यालाही हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

अहवाल आज गेला. चूक शिक्षकाची, असं लिहिलंय. सिस्टरचा जबाब बाजूला ठेवलाय. माझा परवाना सोमवारी जमा करायचा आहे. त्याआधी व्हॅनवाल्याला भेटून येतो. तुझी वहिनी सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही, आणि ती चिंता आहेच. पण सध्या जेवतो, आणि तुझ्या वहिनीची पोटरी आठवडाभर शाबूत आहे.

कालचं थोडं राहिलं. टेपवाला उतरून टेप गुंडाळत होता. मीही दार उघडून एक पाय बाहेर ठेवला होता. सिस्टर अजून स्टिअरिंग धरून बसल्या होत्या, समोर रिकामं मैदान. पुढे बघतच त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही थांबवलं नसतं तर मी गेले असते का पार?"

माझी सवय तुला माहीत आहे. जरा लवकर निघालात, जरा उशीर झाला, अजून दहा धडे लागतील. कोणाला कधी सरळ चांगलं म्हणून सोडलेलं नाही मी, तुलासुद्धा नाही.

मी म्हटलं, "आरामात गेला असता. व्हॅन चौकात यायच्या आत तुम्ही पोस्टाच्या पुढे असता."

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं.

दादा